भिंतीवरचा वाघ

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या शाळेत रुजू झाले. शहरातली मुलगी, पहिली नोकरी आणि डोकं कायम तापलेलं.

एकदा इतिहासाच्या तासाला मी पुस्तकातून वाचून दाखवलं की इंग्रजांच्या काळात या डोंगरांत दरोडेखोर माजले होते. चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या खापरपणज्याला गोऱ्यांनी फाशी दिली. मंग त्यो चोर व्हता का?" मुलं खिदळली. दुसऱ्या दिवसापासून ती इतिहासाच्या तासाला बाहेर जाऊन बसायला लागली.

माझं डोकं सणकलं. पुस्तक ठेवलं बाजूला आणि गावातल्या जुन्या माणसांना शाळेत बोलावलं. म्हातारी माणसं गोष्टी सांगायची, मुलं त्या व्हरांड्याच्या भिंतीवर काढायची. गेरू, तांदळाचं पीठ, चुलीतला कोळसा. पसारा किती झाला ते विचारू नका. गोऱ्या शिपायांना चुकवत डोंगर चढणारी माणसं, त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बाया आणि वर राखणीला भला थोरला वाघ. त्याच्या मिशा शेपटीपेक्षा लांब झाल्या होत्या. खापरपणजा काढायचा मान अर्थात त्या मुलीचा.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येणार होते. "बाई, ही शाळा आहे की तमाशाचा तंबू? चुना मारून टाका!" मी पुष्कळ भांडले, पण घमेल्यात चुना भिजत पडलाच. मुलगी येता-जाता त्या घमेल्याकडे बघायची. मला ते बघवत नव्हतं.

मध्ये वाघबारस आली. त्या दिवशी रानातल्या वाघोबाला शेंदूर लावायची तिथली रीत. पूजा करून परतताना मंडळी शाळेत शिरली आणि मुलीच्या बापानं आमच्याही वाघाला शेंदूर फासून नारळ फोडला. "आता ह्यो द्येव झाला. कोन चुना मारतो, बघूच." हेडमास्तरांनी घमेलं गुपचूप मागच्या दारी नेऊन ठेवलं. मला इतकं हसू फुटलं की मी वर्गात पळाले.

साहेब आले. शेंदूर पाहून त्यांनी चपला काढल्या, वाघाला हात जोडले. मग वाघाखाली काढलेल्या माणसाकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

"आमचा खापरपणजा," मुलगी म्हणाली. "गोऱ्यांशी लढला. त्यांनी फाशी दिली."

साहेबांनी त्यालाही हात जोडले.

"चोराला कुनी हात जोडत न्हाई, बाई," असं मला बजावून ती त्या दिवशी इतिहासाच्या तासाला आत येऊन बसली.