मशीनचं हळदी-कुंकू

आमच्या टिग वेल्डिंग मशीनला घरात सवाष्णीचा मान आहे. तो आईनं दिला, भोगला मात्र मी.

झालं असं, की कंपनीतली नोकरी सोडून मी घोटावड्यात, आमच्या भाड्यानं दिलेल्या खोल्यांशेजारी वेल्डिंगचं दुकान टाकलं. सासऱ्यांना (ते पौडचे, मी त्यांना मामा म्हणतो) हे मुळीच पटलं नव्हतं. "बांधला पगार सोडून ठिणग्या उडवायच्या?" असं ते सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, तोंडावर म्हणाले. तिनं ठणकावलं, "आण्णा, तुमची दुधाची किटली आणा. पैलं काम तुमचंच. न्हाई जमलं, तर मीच ह्यांना परत कंपनीत धाडते!"

म्हणजे माझं सगळं दुकान एका ॲल्युमिनियमच्या किटलीवर टांगलेलं! गळ्यापाशी तिला चीर गेली होती, आणि मोटारसायकलवरून दूध नेताना मामांचा लेंगा भिजत होता.

मुहूर्ताला आई हळद-कुंकवाच्या वाट्या घेऊन मशीनपुढं बसली. "आदी ह्या बटनांची वळख करून दे. वळख न्हाई त्याला कुंकू कसं लावायचं?"

मी खुललो. (मशीनची पुस्तिका मी तोंडपाठ केली होती, आणि घरात कुणी ऐकून घेत नव्हतं!)

"हा करंट. वाढवला की भोक, कमी केला की जोड धरत न्हाई."

"बरं." हळद. कुंकू.

"हा गॅसचा. जाळ बंद झाला तरी थोडा वेळ गॅस येत ऱ्हातो, जोड थंड होईस्तोवर."

"म्हंजे आत्याबाईच की!" सुरेखा म्हणाली. "जाते जाते म्हनत दारातच तासभर!"

आईनं गॅसच्या बटणाला, म्हणजे आपल्या नणंदेला, जरा जोरातच बोट टेकवलं.

"आणि हे एसी-डीसीचं बटन. स्टीलला डीसी, ॲल्युमिनियमला एसी. ॲल्युमिनियमवर सायीसारखा पापुद्रा असतो. एसी तो फोडतो. डीसीवर पापुद्रा तसाच, आणि आत सगळं वितळत जातं."

"मग हेच मेन हाय!" म्हणून आईनं ओल्या कुंकवाचं बोट असं दाबलं, की बटणही हललं आणि अक्षरंही गेली.

तेवढ्यात मामा किटली घेऊन हजर. मी बटणाकडं पाहिलं. लालभडक! एसी कुठं, डीसी कुठं, काही दिसेना. मी हळूच फडकं काढलं.

"कुंकू पुसतोस?" आई ओरडली. "पैल्याच दिशी?"

"आई, ते मशीन हाय."

"मग? लक्ष्मीच हाय ती!"

"काम उद्या केलं तर?" मी विचारलं.

"का?" मामा मिशीतून म्हणाले. "जमत न्हाई व्हय?"

सुरेखानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं तोंडावर मुखवटा ओढला. बटण एसीवरच असेल, असं मनाशी म्हटलं आणि पायाखालचं करंटचं पेडल दाबलं. किटली काळवंडली. जोडात वितळवायची तार काही केल्या धरेना. मी पेडल आणखी दाबलं. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं, आणि एकदम धपकन सगळं आत! चिरेच्या जागी लिंबू आरपार जाईल एवढं भोक!

मामांनी भोकातून बोट घालून हलवून पाहिलं. सुरेखाचा चेहरा एवढासा झाला. मला भोकापेक्षा तिच्याकडं बघवेना.

मामांनी मग मशीन निरखलं. "विहीनबाई, ह्यास्नी बटनं दिसत्यात का?"

आई पदर सावरू लागली.

"आमच्या पंपाच्या स्टार्टरला सुरेखाच्या आईनं असंच केलतं," मामा हसले. "कुंकू निघंस्तोवर मी बी हात लावला न्हाई. कांदं वाळून गेलं! असू द्या जावईबापू, उद्या करा."

मामांबद्दल मला इतकं प्रेम लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सकाळी आईनंच हात जोडून, माफी मागून मशीन पुसलं. बटण डीसीवर होतं! मी एसी केलं, करंट उतरवला, पत्र्याचं ठिगळ कापलं. किटलीचा गळा वाकू नये म्हणून झाकण घट्ट बसवलं आणि अगदी काठापर्यंत जोड घातला. काय जोड! किटली न्यायला आलेल्या मामांनी त्यावर अंगठा फिरवला, मान डोलवली आणि किटली गाडीला अडकवून निघाले. सुरेखा दिवसभर गाणं गुणगुणत होती.

संध्याकाळी पौडहून फोन आला. तिनं मुद्दाम स्पीकर लावला.

"जावईबापू, जोड लई पक्का!"

"मग!" मी आणि सुरेखा एकदमच म्हणालो.

"आता थेंब गळायचा न्हाई. फकस्त दूध आत कुटनं घालायचं, तेवढं सांगा. झाकण बी जोडलंया तुमी!"

मामा माझ्यावर मनापासून खूश आहेत. जावयाचं काम कधी सुटत नाही, असं पौडभर सांगतात आणि गिऱ्हाइकं धाडतात. तीही येतात बिचारी. फक्त भांडं माझ्या हातात देतात, आणि झाकण स्वतःच्या काखेत धरून उभी राहतात.