फ्युएल पंपावरचं ओलं फडकं

कुंभार्ली घाटाच्या चढावर एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली, म्हणून मी थांबले. पेट्रोल पुन्हा इंजिनात चढावं म्हणून एक काकू तापलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवत होत्या. नजर अधू झालेले त्यांचे यजमान शेजारी उभे राहून सूचना देत होते.

"नीट पिळून ठेव," काका म्हणाले.

"ठेवलंय. तुम्ही सावलीत बसा बघू."

गाडी ओढून नेऊ का, असं मी विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या. "आज स्वतःच्या इंजिनावर कराडला पोचली तरच ही गाडी घरात राहणार. नाहीतर मुलगा विकतोय. म्हणतो, बाबांना दिसत नाही आणि तुला जमत नाही."

जुन्या गाड्यांची हौस म्हणजे रिकामा उद्योग, असं माझं मत होतं. पण हौस एकाची असली तरी ती टिकवायला कधी दुसऱ्याचे हात लागतात, आणि काम करता करता त्या हातांनाही तिचा लळा लागतो. काकूंची ग्रीसने काळी झालेली बोटं पाहून हे पटलं.

इंजिन निवलं. काकूंनी चावी फिरवली. काकांनी सुरू झालेल्या इंजिनाला क्षणभर कान दिला आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

मला घाई होती. तरी घाटमाथ्यापर्यंत मी त्यांना ओव्हरटेक केलं नाही. मागच्यांचे हॉर्न माझ्यावरच वाजू दिले.