पालथा फोन

टेक्सासच्या अर्विंगमधले आमचे शेजारी फोन नेहमी पालथा ठेवतात. कुठे काम करता विचारलं, की "मीडियात" म्हणून हसतात.

परवा लॉन्ड्री रूममध्ये हसले नाहीत. "अ‍ॅडल्ट साइट आहे आमची. सगळं फुकट मिळतं, पैसे कोण भरणार? बंद होतेय. साठ दिवसांत जॉब मिळाला नाही, तर व्हिसा जाईल. तुझ्या कंपनीत रेफर करशील?"

त्यांनी फोनवर दाखवलेल्या रेझ्युमेवर साइटचं खरं नाव होतं. माझा मॅनेजर ते वाचणार. "दुसरं काही लिहा ना," मी पुटपुटले.

"नाही गं. खोटं फक्त घरी बोलतो."

तेवढ्यात वहिनी आल्या. "कसल्या गप्पा चालल्यात?"

त्यांनी फोन पालथा केला.

"मीडियाच्या," मी म्हणाले.

घरी येऊन मी रेझ्युमे तसाच मॅनेजरला पाठवला आणि फोन पालथा ठेवला.