आधी घर, मग टीव्ही

नवीन जालन्यात साहेबरावांचं टीव्हीचं दुकान होतं. १९९० साली शिवकन्या तिथं कामाला लागली, तेव्हा साहेबरावांनी तिला पावत्या फाडायला बसवलं. खरं तर ती आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून आली होती. पूर्ण वर्गात ती एकटीच मुलगी. पण गिऱ्हाईक बिघडलेला टीव्ही घेऊन आलं की तिच्याकडं बघत विचारायचं, "मिस्त्री कुठंय?" आणि शिवकन्या मागच्या खोलीतल्या भुजंग मिस्त्रीकडं बोट दाखवायची.

एकदा भुजंग आठवडाभर गावाला गेला होता. नेमके त्याच आठवड्यात मोंढ्यातले धान्याचे व्यापारी अप्पाराव तणतणत आले. त्यांनी दिवाळीला घेतलेल्या रंगीत टीव्हीच्या एका कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडला होता. बातम्या देणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हिरवा दिसत होता.

"बदलून द्या. मला हा सेट बिलकुल नको," अप्पाराव म्हणाले.

साहेबराव काही बोलायच्या आत शिवकन्यानं विचारलं, "टीव्हीच्या शेजारी काय ठेवलंय?"

"काय म्हणजे? टेपचे दोन मोठे स्पीकर हायेत."

"ते आज दोन हात लांब ठेवा. मी येते."

संध्याकाळी ती लूनावर त्यांच्या घरी गेली. तांब्याच्या तारेचं एक मोठं कडं तिनं विजेला जोडलं, पडद्यासमोर गोल-गोल फिरवलं आणि फिरवत फिरवत मागं सरकली. डाग गेला. सगळं घर बघत उभं होतं. "स्पीकरात लोहचुंबक असतं," तिनं सांगितलं. "काचेच्या आत बारीक जाळी असते, तिला त्याची ओढ लागते. मंग रंग आपली जागा सोडतात. टीव्ही चांगलाय, शेजार वाईट होता."

हे शेवटचं वाक्य अप्पारावांनी मोंढ्यात इतक्या जणांना ऐकवलं, की महिन्याभरात गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच विचारू लागलं, "ती बाई हाय का?" भुजंगलाही त्याचं वाईट वाटलं नाही. अवघड सेट तो स्वतःहून तिच्या टेबलावर आणून ठेवू लागला.

पुढं विक्रीही तिच्याकडं आली, आणि साहेबरावांचा जीव अर्धा झाला. दुकानातले सगळे सेट रंग चढवून मांडलेले असायचे. तांबडा असा, की डोळ्यांत घुसावा. शिवकन्या गिऱ्हाइकासमोरच तो रंग उतरवायची. म्हणायची, "फुलं-डोंगर बघू नका, माणसाचं तोंड बघा. तोंड तोंडासारखं दिसलं की रंग बराबर." कोणी मोठा पडदा मागितला की ती आधी विचारायची, "बसता कुठं? भिंतीपासून किती पावलं?" दहा बाय दहाच्या खोलीत कुणी एकोणतीस इंची सेट न्यायला लागलं, तर सरळ सांगायची, "एवढ्या जवळून चित्र न्हाई, नुसते ठिपके दिसतील." खोक्यावर हजार वॉटचा आवाज लिहिलेला असायचा, त्याला ती हसायची आणि आवाज ऐकवून दाखवायची.

"अहो बाई, आपण टीव्ही विकायला बसलोय का नको म्हणायला?" साहेबराव वैतागायचे.

"नको म्हटलेलं गिऱ्हाईक परत येतं ना, शेठ?"

येत होतं. म्हणून साहेबराव सोडून द्यायचे.

१९९९ च्या हिवाळ्यात मात्र त्यांना ते जड गेलं. काकासाहेब हे निवृत्त शिक्षक. त्यांनी बायकोसाठी, दुर्गाबाईंसाठी, एकवीस इंची रंगीत टीव्ही नेला होता. चारच दिवसांत ते परत आले. चित्र पिवळट दिसतं, फिकं दिसतं, अशी तक्रार. साहेबरावांनी सेट बदलून दिला. दुसऱ्याचंही तेच. आता गुरुजी चिडूनच आले होते.

"तुमचा माल खराब हाय. मला तो नवीन सपाट काचेचा मोठा द्या. वरचे पैसे भरतो, पण तिला नीट दिसू द्या."

साहेबरावांनी लगेच खोकं काढायला सांगितलं. शिवकन्या म्हणाली, "गुरुजी, एक दिवस थांबा. उद्या सकाळी घरी येऊन बघते." साहेबरावांनी तिच्याकडं असं बघितलं, की दुसरी एखादी असती तर तिथंच ओशाळली असती.

दुसऱ्या दिवशी ती आपली छोटी पेटी घेऊन गेली. पेटी टीव्हीला जोडली की पडद्यावर आठ रंगांच्या उभ्या पट्ट्या येत. शिवकन्यानं बघितलं, एकही रंग हललेला नव्हता. उलट रंगाचं बटण कुणीतरी शेवटपर्यंत चढवून ठेवलं होतं.

"काकू, डावीकडून रंग सांगता का?"

दुर्गाबाईंनी डोळे बारीक केले. "पिवळी. दुसरीबी पिवळी. मंग हिरवी... हिरवीच. ती गुलाबी, ती तांबडी. शेवटच्या दोन काळ्या."

"अगं, नीट बघ!" गुरुजी हसले. "पहिली पांढरी हाय. अन् शेवटून दुसरी चांगली निळी..." बोलता बोलता ते थांबले.

शिवकन्यानं पेटी बंद केली. गुरुजींना म्हणाली, "जरा चहाचं बघता का?" ते आत गेल्यावर ती दुर्गाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"काकू, दिव्याभोवती कडं दिसतं का?"

दुर्गाबाई पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "वर्ष झालं. सुईत दोराबी जात न्हाई. माझ्या थोरल्या बहिणीचा डोळा ऑपरेशननंतर गेल्ता, पोरी. मी ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी मला लगेच ऑपरेशनला नेलं असतं. टीव्हीच खराब हाय म्हटलं, की विषय संपायचा."

"आन् गुरुजी दुकानात भांडून राह्यले तुमच्यापायी."

"तेच तर. माझ्यावर एवढा भरवसा, अन् मी खोटं बोलून राह्यले," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

गुरुजी दारात चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शिवकन्याला वाटलं, आता हे चिडतील. पण त्यांनी कप खाली ठेवले आणि एवढंच म्हणाले, "एकटीनं भ्यायचं कशाला? दोघं मिळून भिऊ."

मोतीबिंदूचं ऑपरेशन औरंगाबादेत झालं. दुर्गाबाईंनी अट घातली होती, शिवकन्या बरोबर पाहिजे. तिनं दोन दिवसांची रजा मागितली. एक सेट बदलून द्यावा लागला, मोठा सेट विकला नाही, वर रजा! साहेबरावांनी कपाळाला हात लावला, आणि मग सांगितलं, "माझी जीप घेऊन जा. म्हातारीला बसनं धक्के नको."

तीन आठवड्यांनी शिवकन्या त्यांच्या घरी गेली. दुर्गाबाई काळा चष्मा काढून टीव्हीसमोर बसल्या होत्या आणि बडबडत होत्या, "हे काय भडक करून ठेवलंय! माणसं का सोंगं?" शिवकन्यानं रिमोट त्यांच्याच हातात दिला. कोणतं बटण रंगाचं, कोणतं उजेडाचं, ते बोटाला धरून शिकवलं. दुर्गाबाईंनी एकेक पायरी रंग उतरवला. बातम्यांमधल्या बाईची साडी निळी होती. त्यांनी ती इतका वेळ बघितली, की बातम्या काय होत्या ते कुणालाच कळलं नाही.

पुढं त्या गल्लीतल्या तिघीजणींनी डोळे तपासून घेतले. साहेबराव नव्या गिऱ्हाइकाला हा किस्सा स्वतः सांगायचे, आणि तो सांगताना एक दिवस थांबायची कल्पना त्यांचीच असायची. शिवकन्या दुरुस्त करत नसे.

२००४ मध्ये तिनं अंबडच्या रस्त्याला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. भुजंगही तिच्याकडं आला. दोन वर्षांनी पातळ, भिंतीवर टांगायचे टीव्ही आले. पहिला सेट आला तेव्हा तिनं तो अख्खा दिवस सगळ्या बाजूंनी बघितला: पुढून, कडेनं, खाली बसून, उभं राहून.

जांब समर्थ गावचे सर्जेराव तो घ्यायलाच आले होते. घरात अकरा माणसं.

"बसता कसे?" तिनं विचारलं.

"कसे म्हणजे? जागा मिळंल तिथं. भिंतीला टेकून चौफेर."

"मंग इकडं या." तिनं त्यांना अगदी कडेला उभं केलं. चित्र पांढरट, मळकट दिसायला लागलं. सर्जेराव मध्ये आले, पुन्हा कडेला गेले, मग खाली बसून बघितलं.

"हा तर मधात बसणाऱ्याचाच टीव्ही झाला की!"

"आत्ता तरी तसाच हाय. पुढं सुधरंल. तुमच्या घरात मधात कोण बसतं?"

सर्जेराव हसले. "आमचे वडील. पण ते डोळे मिटूनच बसतात."

त्यांनी जुन्या काचेचा जाडजूड सेट नेला. तो उचलायला भुजंगसकट चौघं लागले. टेंपो निघाला तरी शिवकन्या मागून ओरडत होती, "खिडकीच्या समोर ठेवू नका! काचेत सगळं अंगण दिसंल!"