मंचामागची फुली

२८ एप्रिल २०२४, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. कळंब्याच्या रस्त्यावरील एका नव्या मंगल कार्यालयात, वधूवरांच्या मंचासमोर उभी राहून मी मागच्या भिंतीवरच्या सळया मोजल्या. माझ्या आराखड्यात चार होत्या, भिंतीवर दोन. मी पुन्हा मोजल्या. अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा. उत्तर बदलले नाही.

हे माझे पहिले स्वतंत्र काम. त्याआधी तीन वर्षे मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी गणिते केली होती. या इमारतीच्या स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर प्रथमच माझी सही होणार होती, आणि त्या सहीचा सराव मी वहीच्या मागच्या पानावर केला होता, हे कबूल करते. नऊ दिवसांनी मालकांच्या मुलीचे लग्न याच मंचावर लागायचे होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आजऱ्याहून तांदूळ आला होता. सर्टिफिकेटशिवाय कार्यालय उघडता येणार नव्हते.

मंचामागच्या भिंतीत तीन पोलादी खांब आहेत. त्यांच्यामधल्या दोन गाळ्यांत मी प्रत्येकी दोन तिरप्या सळया एकमेकींना छेदून बसवल्या होत्या. वाऱ्याने इमारत पूर्वेकडे कलू लागली की एक सळई ताणली जाते आणि तिला धरून ठेवते. पश्चिमेकडे कलू लागली की दुसरी. सळई ओढू शकते, ढकलू शकत नाही. ढकलायची वेळ आली की ती दोरीसारखी वाकून अंग काढून घेते. म्हणून दोन लागतात. महाविद्यालयात हे अर्ध्या तासात समजते.

"मिस्त्री, बाकीच्या दोन सळया कुठं आहेत?"

"कापल्या की," पायापासून पत्र्यापर्यंत सगळे काम पाहणारे मिस्त्री म्हणाले. नखे कापल्याचे सांगावे इतक्या सहजपणे.

"का?"

त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केले. रिकाम्या सभागृहात एकाच खुर्चीवर मालकांच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. बांधकामाच्या सर्व टप्प्यांवर अंतिम मंजुरी त्यांची असे. नगररचना विभागाला याची कल्पना नव्हती.

"पोरी, शाळंत तुला फुली कवा मारायचे?" आक्कांनी विचारले.

"उत्तर चुकलं की."

"मग? माझ्या नातीच्या डोक्यावर तू दोन-दोन फुल्या मारल्यास. जन्मभराचा फोटू हाय तो. त्यात काय दिसंल?"

मी पोलादावर येणारे अठ्ठावीस प्रकारचे भार तपासले होते. हा एकोणतिसावा होता.

आक्कांच्या खुर्चीमागे उभे असलेले मालक म्हणाले, "मॅडम, आईपुढं आमचं काय चालत न्हाई. तुम्हीच कायतरी ॲडजस्ट करा."

"मी बी डोकं लावलं की," मिस्त्री म्हणाले. "आक्का चारीच्या चारी कापा म्हणत हुत्या. मी म्हटलं, न्हाई, मॅडमची बी इज्जत ऱ्हायला पायजे. निम्म्या ठेवल्या."

"आणि ज्या ठेवल्या त्या दोन्ही एकाच बाजूला कललेल्या?"

"शिस्तीत नको दिसाय? शाळंतल्या पोरांच्या रांगंगत."

"दोन्ही फक्त पश्चिमेचा वारा अडवतात, मिस्त्री. पूर्वेकडून आला तर?"

"पूर्वंकडनं?" त्यांच्या नजरेत माझ्या शिक्षणाबद्दल खरीखुरी दया होती. "मॅडम, वारं मावळतीचं, गगनबावड्याकडनं येतंय. पन्नास वरीस बघतोय मी."

भारतीय मानकात वारा चारही दिशांनी येतो, हे मी त्यांना कलम क्रमांकासह सांगितले. त्याचा जो परिणाम व्हायचा तोच झाला.

"वळीव कुठून येतो?" शेवटी मी विचारले.

वळीव पूर्वेकडून येतो, पत्रे उडवत येतो आणि मे महिन्यातच येतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगावे लागत नाही.

"त्येचं काय, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "पावण्यागत. आलं, गेलं."

"लग्नात पाहुणेच येतात."

आक्का हसल्या. मिस्त्रींनी टोपी काढून डोके खाजवले. मानकाच्या शेकडो पानांनी जे साधले नव्हते ते एका वळवाने साधले.

तरीही फुली परत बसवणे शक्य नव्हते. मी मंचाच्या कडेला बसून रेघा ओढू लागले. डावीकडची सळई बाहेरच्या खांबाच्या पायथ्यापासून मधल्या खांबाच्या माथ्याकडे चढत होती. उजवीकडची उलटी फिरवली तर तीही त्याच माथ्याला मिळेल. मग डावी पश्चिमेचा वारा धरील आणि उजवी पूर्वेचा. प्रत्येकीवर दुप्पट ओढ येईल, पण फुली कुठेच राहणार नाही. मी कागद आक्कांपुढे धरला.

"हे कसं! देवळाच्या शिखरागत," त्या म्हणाल्या. "आता बसव माझ्या नातीला हेच्याखाली."

आराखडा मंजूर झाला. आता तो उभा राहतो का, हा दुय्यम प्रश्न उरला.

प्रत्येक भागापुढे मी एक आकडा लिहिते: त्याच्यावर येणारा भार भागिले त्याची ताकद. आकडा एकच्या आत असेल तर सही, बाहेर असेल तर नाही. वीस मिलिमीटरची सळई काढून चोवीसची घातली: ०.७०. सळई खांबाला जोडणाऱ्या नव्या पट्टीचे बोल्ट: ०.६४. दोन्हीकडची ओढ ज्याच्या माथ्यावर येणार, तो मधला खांब दाबाखाली वाकतो का: ०.५८. बाहेरच्या दोन खांबांचे पाये: १.१२.

तिथे गाडी अडली. ताणलेली सळई बाहेरच्या खांबाला वर उपटू पाहते, आणि त्याला जमिनीत रोखून धरतो तो पायाचा आणि त्यावरच्या मातीचा भार. सळई बदलता येते. नऊ दिवसांत पाया बदलता येत नाही.

"मॅडम, पॉइंट बाराच तर जास्त हाय," मालक म्हणाले. "शंभराला बारा पाहुणे जास्त आले तरी जेवण पुरतं की."

"पुरतं, कारण तुम्ही आधीच जास्तीचं शिजवलेलं असतं. मीही आधीच जास्तीचं धरलंय, काका. हा आकडा ते संपल्यानंतरचा आहे."

दाराजवळ मुलीच्या लग्नाचा फलक उभा होता. मालकांनी तो उगाच थोडा सरळ केला. त्या क्षणी मला माझ्या सहीची सुबक वळणे आठवली आणि थोडी लाज वाटली.

"पाया किती धरलाय तुमी?" मिस्त्रींनी विचारले.

"आराखड्याप्रमाणे. एक मीटर वीस."

"तेवढा न्हाईच त्यो. जास्त हाय. मुरूम लागल्याबिगर आमी पाया भरत न्हाई, ड्रॉइंगमधी काय का असंना."

म्हणजे ज्या माणसाने माझा आराखडा डावलून सळया कापल्या, त्यानेच माझा आराखडा डावलून पाया खोल नेला होता. सवयीने मला आधी रागच आला.

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

"लिवायचं काय त्यात? खड्डा हाय की तिथं."

मी हिशेब केला: एक मीटर पस्तीस खोली असेल तर आकडा एकच्या आत येतो. सांगण्यावर सही करणार नव्हते, म्हणून दोन्ही पायांच्या कडेने तळापर्यंत खोदायला सांगितले. दोन दिवसांनी मी टेप घेऊन डावीकडच्या खड्ड्यात उतरले. एक मीटर पंचेचाळीस. ०.९३. वर मालकांनी पेढे आणायला माणूस धाडला.

"थांबा. अजून एक आहे."

उजवीकडे जाताना मिस्त्री माझ्या बाजूने चालत होते आणि त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता. "मॅडम, ह्या अंगाला मुरूम जरा लवकर लागलाता."

"किती लवकर?"

"आता कसं सांगू? लागला तितं थांबलो."

आक्का खुर्चीसकट खड्ड्याच्या काठावर आल्या होत्या. मी पायाच्या तळाशी टेपचे टोक दाबून धरले आणि मिस्त्रींनी वरून आकडा वाचला. मी त्यांना मला वर ओढून घ्यायला सांगितले, माझ्या जागी त्यांना खाली उतरवले आणि आकडा स्वतः वाचला. एक मीटर चाळीस.

वही गुडघ्यावर ठेवून मी काठावरच भागाकार केला आणि खाली सही केली. हाताला मुरूम लागलेला होता. सरावातले एकही वळण तिच्यात उतरले नाही. सहीच्या वर, उजव्या पायापुढे, त्या कामातला शेवटचा आकडा आहे: ०.९६.