सोडून दिलेला गॅस

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे अख्खं गाव शेतात जेवतं. आमच्या घरचा स्वयंपाक पंधरा माणसांचा, त्यात मुख्य म्हणजे भज्जी, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी. त्या वर्षी तो चुलीवर करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. बायकोचे डोळे सतत पाणावायचे आणि निलंग्याच्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. म्हणून गोठ्यामागे गोबरगॅस बांधला.

ती म्हणाली होती, "येळवशीची भज्जी त्याच्यावर शिजली तर खरं. न्हाई तर माझी चूल बरी, पुन्हा विषय काढायचा न्हाई."

दोन बैल, एक गाय, एक म्हैस. रोजचं चाळीस किलो शेण, तेवढंच पाणी. मी वजनकाट्यावर मोजून कालवायचो. गॅस साठेल तशी टाकीवरची लोखंडी टोपी वर उचलली जाते, पण थंडीमुळे ती सावकाश वर येत होती. रोज सकाळी टेप लावायचो: दोन इंच, पाच इंच, नऊ इंच. एकविसाव्या दिवशी ती पूर्ण वर आली आणि मी गोठ्यातून ओरडतच घरात गेलो.

काडी ओढली. शेगडी फुसफुसली, काडी विझली. दहा काड्या गेल्या.

"आवो, तुमचं गणित पेटंना की!" बायको म्हणाली. येळवस तीन दिवसांवर होती.

बांधकाम केलेल्या मिस्त्रीला फोन लावला.

"काका, पहिला गॅस सोडून दिला ना?"

"सोडू कसा? तीन आठवड्यांचा हाय तो."

तो हसायलाच लागला. "आवो, त्यात निसती हवा अन् कार्बन. तो पेटतच न्हाई. बांधताना दोनदा सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं, खरं आहे. पण आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेली माणसं. भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालतो. भरलेलं भांडं मुद्दाम रिकामं करायचं, हे माझ्या हाताला जमलंच नव्हतं.

चूल विझवली, बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला लांब उभं केलं आणि टोपीवरचा गॅसचा नळ उघडला. टोपी खाली जाताना बघवत नव्हतं. बायको दारात उभी होती. म्हणाली, "मी गोवऱ्या काढून ठिवते."

शेण आता चांगलं कुजलं होतं, टोपी भराभर चढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात इंच. तिसऱ्या दिवशी चौदा. माझ्या हिशेबाने दीड तासाचा जाळ. भज्जीला सव्वा तास लागतो. म्हणजे चुकायला पंधरा मिनिटं.

येळवशीच्या सकाळी शेगडीवर दारातून ऊन आलं होतं. मी काडी लावली. काहीच दिसेना.

"गेलं?" बायकोने विचारलं आणि शेगडीवर हात धरला. झटकन मागे घेतला. "आई गं! पेटलंय की हो! उन्हात दिसंना निसतं!"

तिने पदराने ऊन अडवलं. निळा जाळ, गोल, सरळ उभा. मी तर टाळ्याच वाजवल्या. तिने मोठं पातेलं चढवलं, हरभरा, वाटाणा, तूर, पालेभाज्या टाकल्या, आणि सव्वा तास तिथून हलली नाही. मी घड्याळ बघत होतो, ती जाळ बघत होती. बेसन लावून भज्जी उतरली तरी जाळ चालूच होता.

"आता बंद कर," मी म्हणालो.

"थांबा की," ती म्हणाली, "चहा टाकते. शेजारणीला बोलवा, तिला बी दाखवू."

तिचे डोळे कोरडे होते.