मुक्कामवाल्या बाई

शेख बाई गोष्ट कधी एका दमात पुरी करत नसत. ऐन रंगात आली की डस्टर झटकायच्या आणि म्हणायच्या, "आज मुक्काम इथंच." आम्ही नुसते चरफडायचो. श्रीरामपूरजवळच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, मुक्कामवाल्या बाई.

मी ऊसतोड्याची पोर. दिवाळी झाली की आमची बैलगाडी पाथर्डीहून पश्चिमेला कारखान्यावर यायची. भांडी, कोंबड्या, धाकटा भाऊ, सगळा संसार तिच्यात. हंगाम संपला की परत. त्यात वार्षिक परीक्षा दरवर्षी बुडायची; खालच्या वर्गांत तसंच पुढं ढकललं, पण मी सहावीतच रुतून बसले होते.

त्या वर्षी बाई एका जुन्या अमेरिकन प्रवाशाची गोष्ट सांगत होत्या. तोही बैलगाडीत संसार घालून पश्चिमेच्या मुलखात निघालेला. मी ती रोज आमच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, येऊन माझ्या वडलांना, आप्पांना सांगायचे.

हंगाम संपत आला तशा बाई स्कुटीवरून आमच्या कोपीवर आल्या. हिला परीक्षेपुरती माझ्याकडं ठेवा, म्हणाल्या.

आप्पांनी मान हलवली. "पोरीला मागं ठिवून आमी जानार न्हाई, बाई. अन् थांबावं तर उसाचं वाढं संपलं. बैलं काय खातील?"

बाईंनी वाद घातला नाही. चहा घेतला आणि विचारलं, "भाऊ, त्या प्रवाशाला गाडी भरल्या नदीत घालायचीय. तुम्ही कशी घातली असती?"

आप्पा सरसावून बसले. "आदी सामान फुडं घ्यायचं. मागं वजन झालं की जू वर उचलतं, बैलाला फास लागतो. त्यानं काय केलं?"

"आज मुक्काम इथंच," म्हणत बाईंनी स्कुटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या माहेरच्या शेतातल्या कडब्याच्या पेंढ्या मागं बांधून. लांबून गंजीच चालत आल्यासारखी वाटली. मग रोज कडबा आणि रोज एक मुक्काम. कारखाना बंद झाला, बाकीच्या गाड्या गेल्या, आमची उभीच. आई कावली की आप्पा म्हणायचे, "त्येला डोंगर तरी उतरू दे." प्रवासी खरंच डोंगरात इतका अडकला होता का, बाईंनाच ठाऊक. माझा गणिताचा पेपर मात्र अजून व्हायचा होता.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "पोचला, भाऊ. समोर समुद्र."

आप्पा हसले. "बाई, मला काय कळत न्हाई व्हय? डोंगरात तुमीच त्येला अडकवला हुता."

"मग थांबलात कशाला?"

"पोरीचं पेपर हुतं की."

मी पास झाले. त्यानंतर, थेट मी बी.एड. होईपर्यंत, आप्पांनी माझ्या एकाही परीक्षेआधी बैल जुंपले नाहीत.